दातांची चकली, ११४ वर्षांचं कोडं आणि आपल्या पायाखालचा कोळसा

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या काही दिवसांत दोन वेगवेगळ्या ग्रुपवर एकाच माशाचं चित्र फिरतंय. महाकाय शार्क आणि त्याच्या तोंडात लाकूड कापायच्या मशीनसारखी गोल करवत. एका चित्रात ती करवत वरच्या जबड्यातून हत्तीच्या सोंडेसारखी बाहेर आलीय, दुसऱ्यात खालच्या जबड्यातून जिभेसारखी लोंबतेय. खाली ओळ एकच: 'शास्त्रज्ञही थक्क!' शास्त्रज्ञ थक्क होते हे खरं, पण ते का थक्क होते, किती वर्षं होते आणि शेवटी उत्तर कुठे सापडलं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप. यात आपल्या चंद्रपूर-वरोऱ्याचाही संबंध आहे, तो पुढे येईल.

हा मासा खरा आहे. नाव हेलिकोप्रिऑन. ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून केलेलं नाव, अर्थ साधारण 'वेटोळ्याची करवत'. साधारण २९ कोटी ते २७ कोटी वर्षांपूर्वी तो समुद्रात होता. त्या काळाला भूगर्भशास्त्रात पर्मियन म्हणतात. आपलं दख्खनचं काळं दगड म्हणजे बेसाल्ट तयार झालं ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याच्याही वीस कोटी वर्षं आधीची ही गोष्ट आहे. डायनासोर तेव्हा पृथ्वीवर यायचे होते.

आता मूळ अडचण समजून घ्या. कोकणातली मंडळी मुशी, मोरी, पाकट खातात, त्यांना हे लगेच कळेल. या माशांमध्ये काटा नसतो. सांगाडा कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या कानात किंवा नाकाच्या शेंड्यात असतं तसल्या मऊ हाडाचा. मासा मेला की ही कूर्चा सहसा सडून जाते, दगडात उरत नाही. उरतात ते फक्त दात, कारण दात टणक. त्यामुळे जुन्या शार्कांचा अभ्यास म्हणजे घर जळून गेल्यावर राखेत सापडलेल्या कुलुपावरून घर कसं होतं ते ओळखण्यातला प्रकार.

हेलिकोप्रिऑनच्या बाबतीत तर कुलूपसुद्धा विचित्र निघालं.

रशियात उरल पर्वताच्या भागात क्रास्नोउफिम्स्क नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीत दातांची एक वेटोळी सापडली. दिवाळीतली चकली डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी बारीक, बाहेर जाडी वाढत गेलेली आणि काट्यांच्या जागी शंभरावर धारदार दात, एकाच पट्टीत ओवलेले. आधी कुणी पाहिलं तर शाळिग्रामातला शंखच वाटेल. अलेक्झांडर कार्पिन्स्की या रशियन भूवैज्ञानिकाने १८९९ साली त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि हा शार्कच्या कुळातला मासा आहे असं सांगून त्याचं नामकरण केलं. जातीचं नाव ठेवलं बेसोनोव या गृहस्थांच्या सन्मानार्थ.

कार्पिन्स्की म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. जन्म १८४७ चा, उरलमधल्याच खाणगावातला. पुढे १९१७ साली रशियाच्या विज्ञान अकादमीचा पहिला निवडून आलेला अध्यक्ष झाला. झार गेला, लेनिन आला, स्टालिन आला, हा १९३६ साली मरेपर्यंत त्या खुर्चीवर होता. त्याच्या नावाने तिकडे कार्पिन्स्क नावाचं शहर आहे.

पण एवढ्या मोठ्या माणसापुढेही प्रश्न होता की ही चकली माशाच्या अंगावर बसवायची कुठे? कार्पिन्स्कीने ती वरच्या जबड्यावर बसवली, नाकापुढून वर वळलेली. ग्रुपवरचं ते सोंडेसारखं चित्र मूळचं या कल्पनेचं आहे. म्हणजे ते चित्र खोटं नाही, शिळं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं.

मग सुरू झाला वाद. तोंडात एवढं वेटोळं मावणारच नाही, असं अनेकांना वाटलं. कुणी ती चकली शेपटीवर बसवली. कुणी पाठीवरच्या परावर. कुणी म्हणालं, हे दात खायचे नाहीतच, संरक्षणाचे काटे आहेत. कुणी खालच्या जबड्याच्या टोकाला बाहेर लोंबती ठेवली, कुणी थेट घशात. आपल्याकडे एखाद्या जागेच्या वादात सात-बारा हरवला की जसे पाच जण पाच हद्दी दाखवतात, तसं झालं. कारण कागद एकच, दात. जबडा कुणाकडेच नव्हता.

दरम्यान पुरावे जमत होते, पण सगळे तसेच. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात डेव्हिस नावाच्या गृहस्थाला असाच एक तुकडा आधीच सापडला होता. हेन्री वुडवर्डने १८८६ साली त्याची नोंद दुसऱ्याच माशाच्या नावाखाली केली होती, तो नंतर हेलिकोप्रिऑन ठरला. जपान, मेक्सिको, चीन, कॅनडा इथूनही नमुने आले. आणि आपल्या उपखंडातूनही! मिठाचे डोंगर म्हणतात त्या पंजाबातल्या सॉल्ट रेंजमधून, जो भाग आज पाकिस्तानात आहे. जर्मन संशोधक कोकेन याने १९०१ साली तिथल्या चुनखडीतल्या हेलिकोप्रिऑनबद्दल लिहिलं. आपल्या स्वयंपाकघरात उपवासाला येणारं सैंधव मीठ त्याच डोंगरांतलं.

सगळ्यात जास्त नमुने मात्र निघाले अमेरिकेत, आयडाहो राज्यात. ते निघाले फॉस्फेटच्या खाणीत. इथे शेतकरी मित्रांनी जरा लक्ष द्या.

पर्मियन काळात आयडाहोच्या जागी उथळ समुद्र होता. खोल पाण्यातून थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले प्रवाह वर यायचे. त्यावर सूक्ष्म जीव वाढायचे, त्यावर मासे. मेलेलं सगळं तळाशी साचायचं आणि त्यातून फॉस्फेटचे थर तयार झाले. त्या खडकाचं नावच 'फॉस्फोरिया'. माणसाने ते खणायला सुरुवात केली ती माशांसाठी नाही, तर खतासाठी. आपण कृषी केंद्रात डीएपीची बॅग घेतो ना, १८:४६ लिहिलेली? त्यातला ४६ म्हणजे स्फुरद. ते शेवटी येतं अशाच समुद्री फॉस्फेटच्या दगडातून. आपल्या देशात तो दगड पुरेसा नाही, म्हणून मोरोक्को, जॉर्डनसारख्या देशांतून आणतो. मोरोक्कोचा फॉस्फेट तर प्राचीन शार्कांच्या दातांसाठी जगात प्रसिद्ध आहे, तो हेलिकोप्रिऑनपेक्षा बराच अलीकडचा. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी लागणाऱ्या रांगेच्या बातम्या मी दरवर्षी देतो. त्या बॅगेमागे मेलेल्या समुद्रांचा एवढा इतिहास आहे, हे बातमीत कधी बसत नाही. म्हणून इथे लिहितोय.

तर १९५० साली आयडाहोत मॉन्टपेलियर गावाजवळच्या खाणीतून एक नमुना निघाला. वेटोळं जेमतेम २३ सेंटिमीटरचं, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान. दात मोजले तर ११७. पण या दगडात दातांबरोबर आणखी काहीतरी होतं. डेन्मार्कचा संशोधक स्वेंड एरिक बेंडिक्स-आल्मग्रीन याने तो तपासला आणि १९६६ साली लिहिलं की दातांभोवती कूर्चेच्या खुणा आहेत आणि ही चकली खालच्या जबड्यात, मधोमध आहे. 'आयडाहो ४' असं त्या नमुन्याला नाव पडलं. पण कूर्चा दगडाच्या आत होती. दगड फोडला तर नमुना जाणार, नाही फोडला तर आतलं दिसणार नाही. त्यामुळे त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं नाही आणि चित्रकार आपापल्या मनाने करवती काढत राहिले.

नमुना आयडाहोच्या संग्रहालयात गेला आणि तिथे पडून राहिला. पडून राहिला म्हणजे अडगळीत फेकला असं नाही. क्रमांक देऊन, नोंद करून, जपून ठेवला. पुढची सगळी गोष्ट त्या एका क्रमांकावर उभी आहे.

या माशाचं वेड लागलेला एक चित्रकार होता, अलास्काचा रे ट्रोल. नव्वदच्या दशकापासून तो या चकलीच्या मागे होता. संशोधकांना पत्रं लिहायचा, जुने निबंध शोधायचा. दुसरीकडे आयडाहो स्टेट विद्यापीठाच्या संग्रहालयात काम करणारा जेसी प्रुइट नावाचा विद्यार्थी. त्याने हे नमुने पाहिले आणि विचारायला लागला, हे नक्की काय आहे? त्यातून लीफ टापानिला या भूवैज्ञानिकाने सहकारी जमवले. 'आयडाहो ४' टेक्सासला नेला आणि त्याचं सीटी स्कॅन केलं. तोच सीटी स्कॅन, जो आपण नागपूरला डोक्याला मार लागला की करतो, फक्त दगडासाठी जास्त ताकदीचा. दगड न फोडता आतली कूर्चा दिसली. वरचा जबडा, खालचा जबडा, कवटीला तो कुठे जोडलाय ती जागा, सगळं. २०१३ साली निबंध छापून आला. कार्पिन्स्कीच्या ग्रंथानंतर ११४ वर्षांनी.

उत्तर काय निघालं? डेन्मार्कवाला बरोबर होता. चकली खालच्या जबड्यात होती, पण बाहेर लोंबती नाही. जबड्याच्या आत, दोन्ही बाजूंनी कूर्चेने आधार दिलेली. बाहेर दिसणार ते फक्त वरचे काही दात. आपल्या मुशीचे जुने दात पडतात आणि मागून नवे येतात. हेलिकोप्रिऑनचे पडत नव्हते. मागच्या बाजूला नवा, मोठा दात यायचा, जुने पुढे सरकून खाली वेटोळ्यात गुंडाळले जायचे. म्हणजे चकलीच्या मध्यभागी असलेले अगदी बारीक दात म्हणजे त्या माशाचे लहानपणीचे दात! जन्मापासूनची नोंदवही तोंडात घेऊन तो पोहत होता. वरच्या जबड्यात समोर दात नव्हतेच. तोंड मिटताना खालची करवत मागे फिरायची, पुढचे दात भक्ष्य पकडायचे, मधले कापायचे, मागचे घशाकडे ढकलायचे. दात फारसे तुटलेले सापडत नाहीत, म्हणून माकूलसारखे मऊ अंगाचे प्राणी त्याचं खाणं असावं असा संशोधकांचा तर्क आहे.

आणखी एक गंमत. जबड्याच्या जोडणीवरून कळलं की हा खरा शार्कच नाही. कूर्चेच्या माशांच्या दोन शाखा, एकीकडे शार्क आणि पाकट, दुसरीकडे खोल समुद्रातले कायमेरा नावाचे मासे. हेलिकोप्रिऑन दुसऱ्या शाखेच्या जवळचा. त्यामुळे 'करवती शार्क' हे नाव चित्रांखाली शोभतं, वंशावळीत नाही. सगळ्यात मोठी वेटोळी अर्ध्या मीटरहून जास्त रुंद मिळालीत, त्यावरून मोठा मासा सात मीटरच्या आसपास असावा असा अंदाज करतात.

आता आपल्याकडे या.

हेलिकोप्रिऑन जेव्हा उरलच्या आणि आयडाहोच्या समुद्रात फिरत होता, तेव्हा आपला विदर्भ कुठे होता? दक्षिणेकडच्या गोंडवन नावाच्या महाखंडात, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियाला चिकटून. 'गोंडवन' हे जगभर वापरलं जाणारं नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून आलंय, हे लक्षात असू द्या. आपल्या वर्धा खोऱ्यात तेव्हा समुद्र नव्हता. नद्या होत्या, दलदल होती आणि ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांची जंगलं होती. ती जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, सगळा तोच कोळसा, पर्मियन काळातला. वरोऱ्याला रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकात याच कोळशासाठी. म्हणजे तिकडे तो मासा दात गुंडाळत होता आणि इकडे आपलं आजचं लाइटबिल तयार होत होतं! चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या चिमणीतून जो धूर निघतो, तो हेलिकोप्रिऑनच्या काळातल्या पानांचा आहे.

ती पानं आजही दिसतात. कोळशाच्या थरांमधल्या पाटीसारख्या दगडात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे असतात, मधली शीर आणि जाळी स्पष्ट. खाणीत काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील. पण असे किती दगड ओबीच्या डोंगरात गाडले जातात याला हिशेब नाही.

आणि पानंच कशाला? वरोरा तालुक्यातलं पिसदुरा. तिथे शेतात डायनासोरची वाळून दगड झालेली विष्ठा सापडते. गावकऱ्यांना ते दगड, जगाला ते भांडार. २००५ साली 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात निबंध आला, त्यात भारतीय संशोधक होते. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे आपल्या तालुक्यातल्या दगडाने जगाला सांगितलं. तोपर्यंत गवत खूप नंतरचं आहे असा सर्वसाधारण समज होता. तिकडे गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला तर जीवाश्म उद्यानच आहे. हे सगळं आपल्या दोन जिल्ह्यांत.

आता माझा मुद्दा सांगतो, ज्यासाठी ही एवढी लांबण लावली.

आपल्या भागातल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही) विज्ञानाच्या कपाटात दगडांची एक पेटी होती. जुन्या गुरुजींनी जमवलेली. काही वर्षांपूर्वी बातमीच्या कामाने गेलो तेव्हा चौकशी केली. रंगरंगोटीत कपाट हललं, चिठ्ठ्या हरवल्या, चिठ्ठ्या नाहीत म्हणून दगड निरुपयोगी ठरले आणि मैदानाच्या भरावात गेले. दोष कुणा एकाचा नाही. पण त्या पेटीत काय होतं, हे आता कुणालाच कळणार नाही.

'आयडाहो ४' पण साठ वर्षं एक दगडच होता. त्याला कुणी सोन्याच्या चौकटीत ठेवलं नव्हतं. त्याच्यावर फक्त एक क्रमांक होता आणि नोंद होती की हा कुठून, कधी आला. तो मिळाला तेव्हा सीटी स्कॅनचं मशीन जगात कुठेच नव्हतं. ज्यांनी तो जपला त्यांना माहीत नव्हतं की पुढे असं यंत्र येईल. त्यांनी तरी जपला. म्हणून ज्या कोड्याचं उत्तर अकादमीच्या अध्यक्षाला देता आलं नाही, ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नातून सुटलं. उलट, चांगला नमुना कुणी हौसेने दिवाणखान्यात नेऊन ठेवला असता किंवा बाजारात विकला असता, तर आजही आपण शेपटीवर की नाकावर हेच भांडत बसलो असतो.

तेव्हा मंडळी, साध्या चार गोष्टी.

एक, विहीर खोदताना, मुरूम काढताना, नांगरताना वेगळा दगड दिसला तर फोडू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल.

दोन, गाव, शेत, तारीख आणि किती खोलीवर मिळाला ते कागदावर लिहा आणि कागद दगडासोबतच ठेवा. चिठ्ठीशिवाय दगड मुका असतो.

तीन, विकू नका आणि विकत मागायला आलेल्याला जागा दाखवू नका. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे, त्यांना कळवा. दगड शोधायला चालू खाणीत मात्र कुणी शिरू नका, ते जिवावरचं काम आहे.

चार, हे शिक्षक मित्रांसाठी. शाळेच्या कपाटातल्या वस्तूंची एक साधी वही करा. क्रमांक, नाव, कुठून आली, कुणी दिली. बदली झाली की चार्ज देताना ती वही पण द्या.

आणि लोकप्रतिनिधींना एकच विचारणं आहे. कोळशातून या जिल्ह्याच्या नावावर खनिज निधी जमा होतो. त्यातून रस्ते व्हावेत, दवाखाने व्हावेत, कुणाची ना नाही. पण ज्या जमिनीतून हा पैसा येतो, त्या जमिनीची गोष्ट सांगणारी एक खोली तालुक्याला असू नये का? चार कपाटं, एक नोंदवही, एक माणूस. पुढच्या ग्रामसभेत आणि आमसभेत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी खाली लिहा.

आणि ते करवतीच्या माशाचं चित्र पुन्हा ग्रुपवर आलं, तर पाठवणाऱ्याला एवढंच सांगा: दादा, करवत खालच्या जबड्यात आणि बरीचशी आत. सिद्ध झालंय, २०१३ साली.